नमुना किती लांब जावा?

रुग्णालयाच्या खर्चाला कात्री लावायची ठरली की पहिली नजर प्रयोगशाळेकडे वळते. प्रत्येक रुग्णालयात तीच यंत्रे, तीच रसायने, तीच रात्रपाळी. मग दहा ठिकाणी दहा प्रयोगशाळा कशाला? एकच मोठी उभारा, नमुने गाडीने आणा, रिपोर्ट संगणकावर पाठवा. हा हिशेब कोणालाही पटावा असा आहे, आणि साखर, क्रिएटिनिन, थायरॉइड, कोलेस्टेरॉल यांसारख्या तपासण्यांपुरता तो बऱ्याच अंशी खराही ठरला आहे. खासगी प्रयोगशाळांच्या साखळ्या याच हिशेबावर वाढल्या. महाराष्ट्राच्या सरकारी आरोग्य संस्थांत २०१७ पासून सुरू झालेली ‘महालॅब’ सेवाही नमुने गोळा करून ठरावीक प्रयोगशाळांत तपासण्याच्या पद्धतीवर चालते. पूर्वी शहरात जाऊन, पदरचे पैसे मोजून कराव्या लागणाऱ्या कितीतरी तपासण्या तिच्यामुळे ग्रामीण रुग्णाला मोफत मिळू लागल्या. ही लहान गोष्ट नव्हे.

अडचण येते ती हाच हिशेब सूक्ष्मजीवशास्त्राला लावताना. जंतुसंसर्गाच्या तपासणीत नमुन्यात जे शोधायचे असते ते जिवंत असते. ते वाटेत वाढते, वाटेत मरते, आणि सोबतच्या निरुपद्रवी जंतूंखाली दबूनही जाते. साखरेसाठी रक्त घेताना करड्या टोपणाची नळी वापरतात. तिच्यातले फ्लोराइड साखरेचे प्रमाण बऱ्यापैकी धरून ठेवते. जंतूंना असे धरून ठेवणारी आणि सगळ्या नमुन्यांना चालणारी नळी नाही.

तालुक्याच्या रुग्णालयातून संध्याकाळी निघणारा थर्माकोलचा एक डबा घ्या. आत बर्फाच्या पिशव्या आहेत. लघवीच्या नमुन्याला हा गारवा हवाच असतो. ई. कोलाय हा जंतू अनुकूल उबेत दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो, म्हणजे चार तासांत बारा वेळा दुप्पट, मूळच्या सुमारे चार हजार पट. मिलिलिटरमागे एक लाख जंतू ही लघवीच्या संसर्गाची रूढ खूण आहे. नमुना घेताना त्वचेवरून आलेले थोडेसे जंतू उन्हातल्या गाडीत ही रेषा सहज ओलांडतात, आणि ज्या बाईला संसर्गच नाही तिला प्रतिजैविकांचा कोर्स सुरू होतो. त्याच डब्यात मेंदूज्वराचा संशय असलेल्या मुलाच्या पाठीच्या मणक्यातून काढलेले पाणी असेल, तर त्याला मात्र हा गारवा मारक ठरतो. मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस हे नाजूक जंतू थंडीत मरतात. ते पाणी साध्या तापमानाला ठेवून ताबडतोब तपासायला हवे. तिसरी वस्तू म्हणजे ब्लड कल्चरची, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची, बाटली. तिला फ्रीज चालत नाही, विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारची गाडीही चालत नाही, आणि रक्त घेतल्यापासून शक्यतो चार तासांत ती जंतूंची वाढ टिपून इशारा देणाऱ्या यंत्रात बसायला हवी. जास्त वेळ बाहेर राहिली तर जंतूंची वाढ यंत्राबाहेरच होऊन जाते आणि उशिरा बसवलेली बाटली कधीकधी ‘वाढ नाही’ असा खोटा दिलासा देते. एकाच डब्यातल्या तीन नमुन्यांच्या तीन गरजा आहेत. डबा नेणाऱ्या मुलाला यातले काही कोणी शिकवलेले नसते, आणि त्यात त्याचा दोष नाही.

रक्तात जंतुसंसर्ग पसरून रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाच्या बाबतीत वेळेचे मोल किती, याचे मोजमाप कॅनडातील डॉ. आनंद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडले. २,७३१ रुग्णांच्या नोंदींत त्यांना दिसले की रक्तदाब घसरल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत योग्य प्रतिजैविकाला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी कमी होत गेली. यावर केंद्रीकरणाचे समर्थक एक रास्त मुद्दा मांडतात. पहिला डोस प्रयोगशाळेसाठी थांबतच नाही. डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात. मग प्रयोगशाळा जवळ असली काय अन् लांब असली काय?

उत्तर त्या अंदाजातच आहे. प्रतिरोधी जंतू कमी असलेल्या देशात अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. आपल्याकडे अतिदक्षता विभागात क्लेब्सिएला किंवा असिनेटोबॅक्टर निघाला, तर मेरोपेनेमसारखे राखीव औषधही चालेल याची खात्री नसते. म्हणून डॉक्टर सुरुवातच सर्वांत तगड्या औषधाने करतात, त्याला दुसरे जोडतात, आणि रिपोर्टची वाट पाहत राहतात. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला तर एक औषध बंद करता येते किंवा चुकलेले बदलता येते. पाचव्या दिवशी आला तर तोवर रुग्ण सुधारलेला असतो किंवा गेलेला असतो. सुधारलेल्या रुग्णाचे औषध बदलायला कोणी धजत नाही, म्हणून तो महागडा कोर्स पुरा होतो. प्रयोगशाळेच्या खात्यात वाचलेले पैसे अशा वेळी वॉर्डाच्या औषधखर्चात जातात. दोन्ही हिशेब वेगवेगळ्या टेबलांवर होत असल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

या साखळीतला सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत मोलाचा दुवा म्हणजे ग्राम स्टेन. यंत्रातल्या बाटलीने इशारा दिला की तंत्रज्ञ तिच्यातला थेंब काचेवर पसरतो, जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोल, मग लाल रंग असे एकामागून एक ओततो आणि मायक्रोस्कोपखाली धरतो. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटांचे काम. जांभळे गोल द्राक्षांच्या घोसासारखे दिसले तर स्टॅफिलोकोकस, लाल कांड्या दिसल्या तर ई. कोलायच्या किंवा क्लेब्सिएलाच्या जातकुळीतला जंतू, आणि कळी फुटल्यासारख्या मोठ्या अंडाकृती पेशी दिसल्या तर बुरशी, म्हणजे चालू असलेले एकही प्रतिजैविक उपयोगाचे नाही. जंतूचे नाव अजून कळलेले नसते, पण उपचाराची दिशा इथेच ठरते. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील एका रुग्णालयाने २००८ मध्ये आपल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. इशारा मिळाल्यापासून तासाभरात ग्राम स्टेन झालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण १०.१ टक्के होते, उशीर झालेल्यांत १९.२ टक्के. एकाच रुग्णालयाच्या अशा अभ्यासावरून सगळा फरक त्या एका तासाचाच होता असे म्हणता येणार नाही. तरीही या आकड्यांकडे काणाडोळा करून कोणत्याही रुग्णालयाने आपली रात्रपाळी बंद करू नये.

इंग्लंडने हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर केला आहे, म्हणून तिथला अनुभव सविस्तर पाहावा लागतो. लॉर्ड कार्टर यांच्या समितीने २००६ आणि २००८ मध्ये सरकारी आरोग्यसेवेतल्या प्रयोगशाळा एकत्र आणण्याची शिफारस केली. २०१७ मध्ये रुग्णालयांच्या १०५ स्वतंत्र प्रयोगशाळा सेवांची २९ जाळी करण्याचा आराखडा आला; २०२०-२१ पर्यंत वर्षाला किमान २० कोटी पौंड वाचतील असे सांगण्यात आले. रचना साधी होती. मध्यभागी मोठे केंद्र, भोवतालच्या रुग्णालयांत तातडीच्या तपासण्यांपुरती छोटी प्रयोगशाळा. आता ‘तातडीचे’ म्हणून रुग्णालयात काय ठेवले, तर रक्तपेशींची मोजणी, क्षार, मूत्रपिंडाच्या तपासण्या, रक्तपेढीचे काम. सूक्ष्मजीवशास्त्र बहुतेक ठिकाणी केंद्राकडे गेले. कल्चरला तसेही दोन दिवस लागतात, मग चार तास प्रवासात गेले तर काय बिघडले, असा त्यामागचा विचार होता. वरकरणी तर्कशुद्ध असलेला हा विचार आमच्या मते मुळातच चुकीचा आहे. प्रवासाचे चार तास कधी चारच राहत नाहीत. शेवटची गाडी संध्याकाळी सुटते. रात्री नऊ वाजता घेतलेले रक्त सकाळच्या गाडीची वाट पाहते, शनिवारचे त्याहून जास्त. केंद्रात पोचल्यावर नोंदणीची रांग असते. दोन दिवसांचे काम चार दिवसांवर जाते ते असे थोडे थोडे करून, आणि एकाही टप्प्यावर कोणी हलगर्जी केलेली नसते.

एका ठिकाणी सगळे साठवण्याचा दुसरा धोका लंडनने जून २०२४ मध्ये पाहिला. आग्नेय लंडनमधील मोठ्या रुग्णालयांच्या तपासण्या करणाऱ्या सिनोविस या एकत्रित प्रयोगशाळेच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला. किंग्ज कॉलेज आणि गायज अँड सेंट थॉमस या रुग्णालय समूहांत दहा हजारांहून अधिक बाह्यरुग्ण भेटी आणि सतराशेहून अधिक नियोजित उपचार पुढे ढकलावे लागले. रक्तगट जुळवणीचे काम मंदावल्यामुळे ओ गटाच्या रक्तदात्यांना देशभर आवाहन करावे लागले. त्याआधी २०२१ च्या शरद ऋतूत वोल्वरहॅम्प्टनच्या एका खासगी कोविड प्रयोगशाळेतील चुकीमुळे सुमारे ४३,००० जणांना संसर्ग असूनही ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट गेल्याचा प्राथमिक अंदाज होता. छोट्या प्रयोगशाळेतही चुका होतात, कदाचित जास्तच होतात. पण तिथे चूक त्या इमारतीपुरती राहते, आणि समोरचा रुग्ण व हातातला रिपोर्ट यांचा मेळ बसत नाही हे कोणा डॉक्टरच्या ध्यानात लवकर येते.

हा मेळ बसवण्याचे काम कोणत्याही निविदेत लिहिलेले नसते. ब्लड कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस निघाला असे समजा. हा त्वचेवरचा जंतू आहे. रक्त घेताना सुईबरोबर आला असेल तर त्याला काही अर्थ नाही. हृदयात कृत्रिम झडप असलेल्या रुग्णात तोच जीवघेणा ठरू शकतो. काचेवर दोन्ही अगदी सारखे दिसतात. सूक्ष्मजीवतज्ज्ञ त्याच इमारतीत असेल तर वॉर्डात फोन जातो: “सिस्टर, किती बाटल्या पाठवल्या होत्या? दोन्ही एकाच हातातून घेतल्या का? पेशंटला सेंट्रल लाइन आहे का?” पाच मिनिटांत उलगडा होतो. शंभर किलोमीटरवरच्या केंद्रातून फक्त जंतूचे नाव आणि औषधांची यादी येते. निवासी डॉक्टर यादीत ‘सेन्सिटिव्ह’ दिसलेले औषध लिहितो, आणि व्हॅन्कोमायसिनचा एक अनावश्यक कोर्स सुरू होतो.

साथ ओळखण्याचेही तसेच आहे. नवजात शिशू विभागातल्या तीन बाळांच्या प्लेटवर एकाच आठवड्यात मॅककॉन्की माध्यमावरच्या गुलाबी, बुळबुळीत, तारेने उचलताना धाग्यासारख्या ताणल्या जाणाऱ्या क्लेब्सिएलाच्या वसाहती दिसल्या, की तिथला तंत्रज्ञ त्याच दिवशी विभागप्रमुखांच्या कानावर घालतो. कोणते सिंक, कोणता व्हेंटिलेटर, कोणते सलाइन हा शोध दुपारपर्यंत सुरू होतो. केंद्रात याच तीन प्लेट हजारभर प्लेटमध्ये, बहुधा तीन वेगळ्या टेबलांवर असतात. संगणकात योग्य सूचना बसवली तर तोही हे पकडू शकतो. पण ती सूचना कोणीतरी बसवावी लागते, रोज पाहावी लागते, आणि पाहणाऱ्याला तो विभाग कसा आहे ते ठाऊक असावे लागते.

म्हणून केंद्रे नकोत असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. जंतूचे नाव काही मिनिटांत सांगणारे मॅल्डी-टॉफ यंत्र कोटीच्या घरातले आहे. ते प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात बसवणे परवडणारही नाही आणि शहाणपणाचेही नाही. क्षयाच्या जंतूचे कल्चर आणि औषध-संवेदनक्षमता चाचणी यांना विशेष सुरक्षित दालन लागते. दुर्मिळ बुरशी, विषाणू, जनुकीय क्रमवारी ही कामे रोज तेच पाहणाऱ्या माणसांच्या हातीच बरी. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले, तेव्हा शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस शोधायला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था हाताशी होती. एखाद्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेला ते झेपले नसते. छोट्या प्रयोगशाळांचा दर्जाही डोळे मिटून मान्य करण्यासारखा नाही. मुदत संपलेल्या औषधांच्या चकत्या, मेंढीच्या रक्ताऐवजी रक्तपेढीतले माणसाचे रक्त घालून केलेली माध्यमे, वीज गेल्यावर थंड पडलेला इन्क्युबेटर, या गोष्टी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मोठ्या केंद्राची शिस्त हवीशी वाटली तर नवल नाही.

शिवाय इंग्लंडचा वाद जसाच्या तसा इथे आणता येत नाही. तिथे असलेल्या प्रयोगशाळा उचलून नेल्याचा प्रश्न आहे. आपल्याकडे अनेक जिल्ह्यांत सरकारी रुग्णालयात कल्चर लावण्याची सोय आधीही धड नव्हती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे प्रतिजैविक-प्रतिरोधावर देखरेख करणारे जाळे २०१३ मध्ये सुरू झाले, पण त्याची माहिती मुख्यत्वे मोठ्या रुग्णालयांतून आणि वैद्यकीय महाविद्यालयांतून येते. गडचिरोली किंवा नंदुरबारमध्ये लघवीच्या साध्या संसर्गाला कोणते औषध लागू पडते, याचा अंदाज आपण मोठ्या शहरांतल्या अतिदक्षता विभागांच्या आकड्यांवरून बांधतो. तिथे नमुना लांब गेला तरी निदान कुठेतरी गेला, हीच सुधारणा वाटते. ही सुधारणा नाकारायची नाही, पण तिथेच थांबायचेही नाही.

विकेंद्रीकरण किती झपाट्याने होऊ शकते हे कोविडने दाखवले. ३० जानेवारी २०२० रोजी केरळमधल्या देशातल्या पहिल्या रुग्णाचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झाले. त्याच वर्षी २३ जूनला मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची संख्या एक हजारावर पोचली. क्षयाच्या बाबतीत गोव्यात विकसित झालेल्या ट्रूनॅट यंत्राने बेडक्याची जनुकीय तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर आणली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. म्हणजे जे रुग्णाजवळ न्यायचे ते नेता येते. साध्या जिवाणूंच्या वाट्याला मात्र ही निकड अजून आलेली नाही, आणि त्यांच्यामुळे रोज किती माणसे मरतात याची बातमी होत नाही.

आमच्या मते वाटणी अशी हवी. बाटल्यांचे यंत्र, मायक्रोस्कोप, ग्राम स्टेन, हिवतापाची स्मिअर आणि मणक्याच्या पाण्याची पहिली तपासणी ही कामे अतिदक्षता विभाग असलेल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात चोवीस तास झाली पाहिजेत. चाळीस बाटल्यांचे ब्लड कल्चर यंत्र टेबलावर मावते. यंत्र केंद्राशी जोडलेले असेल तर बाटलीने मध्यरात्री इशारा दिल्याचे केंद्रातल्या तज्ज्ञालाही दिसते, आणि स्लाइडचे छायाचित्र पाठवून शंका विचारता येते. जंतूची पुढची ओळख आणि औषधांची चाचणी केंद्राकडे जावी, पण हे केंद्र मुंबईत किंवा परराज्यात नको. महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे किंवा होत आहे, आणि प्रत्येक महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असावाच लागतो. तोच जिल्ह्याचे केंद्र व्हावा, आणि तिथल्या तज्ज्ञाने आठवड्यातून ठरलेल्या दिवशी उपजिल्हा रुग्णालयांत जाऊन रुग्ण पाहावेत. यासाठी रात्री जागणारा तंत्रज्ञ लागेल, कंत्राटी आणि तुटपुंज्या मानधनावरचा नव्हे, नियमित पदावरचा. खर्चाचा खरा प्रश्न यंत्राचा नसून या पदांचा आहे, आणि वित्त विभागाशी वाद घालायचा तर तो याच मुद्द्यावर घालावा लागेल.

करारांची भाषाही बदलावी लागेल. प्रयोगशाळा आपला वेळ मोजतात तो सहसा नमुना त्यांच्या दारात आल्यापासून. रुग्णाची वेळ मात्र सुई टोचल्यापासून सुरू झालेली असते. रक्त घेतल्याची वेळ बाटलीवर लिहिणे बंधनकारक करावे, आणि तिथपासून यंत्रात बसेपर्यंत, इशाऱ्यापासून वॉर्डात फोन जाईपर्यंत आणि फोनपासून औषध बदलेपर्यंत किती तास गेले हे दर महिन्याला रुग्णालयनिहाय जाहीर व्हावे. नाकारलेले नमुने किती आणि का, तेही त्यात यावे. दंड लावायचा तर या तासांवर लावावा. रिपोर्टांच्या एकूण संख्येवर देयके काढणारा करार पुरवठादाराला जास्त नमुने आणायला लावतो, लवकर आणायला नव्हे. आणि पावसाळ्यात घाट बंद पडला, गाडी आली नाही किंवा केंद्राचे संगणक ठप्प झाले, तर त्या रात्रीच्या बाटल्या आणि मणक्याचे पाणी कोण, कुठे तपासणार, याचे नाव आणि फोन नंबरासह उत्तर निविदा उघडण्याआधीच कागदावर असावे.